शेफालीची सीट

हनुमंताने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. असं कधी होत नाही. वर्षभर खोलून पडलेलं इंजिन आधी खोकतं, रुसतं, बॅटरी खातं, चार शिव्या ऐकून घेतं आणि मग कुठे ताळ्यावर येतं. हे मात्र काल संध्याकाळी बंद केल्यासारखं सुरू झालं. हनुमंताला आनंद व्हायला हवा होता. त्याला रडूच आलं.

उत्रोलीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्वी म्हशी बांधत. पुढे म्हशी मागच्या अंगणात गेल्या आणि शेडमध्ये हनुमंताचं गॅरेज आलं. गावातले ट्रॅक्टर आणि टेम्पो पोटापाण्याला, आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली ही जुनी एस्टीम हौसेला. हौस लेकीची, शेफालीची. पोरीने भोरच्या भंगारातून गाडी उचलली, मागची सीट, गालिचे, दारांचे आतले पुठ्ठे, सगळं उपसून टाकलं आणि आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केला. पानशेतच्या बाजूला माळावर मातीतल्या शर्यती होत, त्यांत ती उतरायची. पहिल्या वर्षी शेवटून दुसरी आली आणि गावभर पेढे वाटले. डावीकडची सीट तेवढी तिने ठेवली होती, अण्णांना, म्हणजे बापाला, बसायला.

मागच्या भादव्यात शेफाली गेली. डेंग्यू झाला होता. शर्यत तोंडावर आली म्हणून तिने ताप घरात सांगितलाच नाही, अंगावर घेऊन शेडमध्ये काम करत राहिली. पाना देताघेता तिचा हात हनुमंताच्या हाताला लागला, तेव्हा तो म्हणालाही होता, ‘‘हात केवढा तापलाय गं तुझा!’’

‘‘इंजिन गरम हाय ना, अण्णा.’’

आणि त्याला ते पटलं. इंजिन आदल्या दिवसापासून उघडून फळीवर ठेवलेलं, दगडासारखं गार. ज्याचा सगळा जन्म इंजिनांत गेला, त्या माणसाला हे कळू नये! दवाखान्याच्या बाकड्यावर त्याने हे रत्नाला, आपल्या बायकोला, सांगितलं.  त्या दिवसापासून तिने शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवून निघून जायची.

दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. चुलत्यांनी हात जोडले, आत्या फुलाबाईंनी देवाला काय काय कबूल केलं. कावळे झाडावर ढिम्म. शेवटी हनुमंत पुढे झाला. तो देवाधर्माचा माणूस नव्हे, पण बाप होता. म्हणाला, ‘‘शेफे, गाडी पुरी करतो तुझी. तुला पायजे तशीच. वर्षाच्या आत रस्त्यावर आणतो.’’ आणि कावळा खाली उतरला. हनुमंताला त्या पाखराचा रागच आला, की एवढ्याशा शब्दावर पोरगी कायमची निघून गेली.

पण शब्द म्हणजे शब्द. वर्षभर लोकांचे ट्रॅक्टर उरकून तो या गाडीवर बसला. नव्या रिंगा बसवल्या, हेड घासून घेतलं, क्लच बदलला. ती असती तर कुठे हट्ट केला असता आणि कुठे ‘चालतंय की’ म्हणाली असती, हे आठवून आठवून एकेक नट आवळला. आता वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं आणि गाडी तयार होती. फक्त चालवून बघायची राहिली होती.

आणि इथेच घोडं अडलं. हनुमंताला गाडीत बसताच येईना.

शेफालीने ड्रायव्हरच्या सीटखालचे रूळ काढून टाकले होते, वजन कमी करायला. सीट पुढेमागे सरकायची सोयच नाही. स्वतःच्या बुटक्या पायांच्या मापाने पत्र्याला भोकं पाडून तिने ती बोल्टांनी कायमची जखडली होती. तेव्हा हनुमंत करवादलाही होता, ‘‘आगं, उद्या दुसऱ्या कुणाला चालवायची झाली तर?’’ तर ही हसली. ‘‘दुसरं कोन चालवनार हाय, अण्णा?’’

हनुमंत हा असा उंच. गुडघे स्टिअरिंगला अडकत, क्लच दाबायला पाय वरच येईना. सीट मागे घ्यायची तर बोल्ट काढायचे. काढले की ती तिची सीट राहणार नाही, आणि ‘तुला पायजे तशीच’ असं नदीवर सगळ्यांदेखत बोलून बसलेला. इंजिन चालू ठेवून तो पाना घेऊन खाली वाकला. बोल्टावर पाना बसवला. हात पुढे रेटेना.

‘‘त्याला हात लावू नगा.’’

दारात रत्ना उभी होती. हाताला भाकरीचं पीठ. आवाज ऐकून धावत आली असणार, कारण तिला दम लागला होता. उंबऱ्याच्या आत आली आहे हे तिच्याही ध्यानात नव्हतं.

‘‘मला वाटलं...’’ एवढंच ती बोलली.

काय वाटलं ते हनुमंताने विचारलं नाही. ‘‘बसता येईना मला,’’ तो म्हणाला. ‘‘श्राद्ध तर रविवारी.’’

रत्नाने पदराला हात पुसले आणि अंगणातल्या टेम्पोकडे गेली. हा छोटा हत्ती तिचा. डेअरीला दूध न्यायची ती त्यातून, वर्षानुवर्षं. तिचीही उंची बेताचीच, म्हणून पाठीशी एक चपटी उशी घेऊन चालवायची. गाव हसायचं, ही खुशाल गियर टाकायची. शेफाली गेल्यापासून तेही बंद होतं. ती उशी काखेत मारून ती परत आली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि म्हणाली, ‘‘सरका.’’

पिंजऱ्याच्या पाइपावरून पाय टाकून ती आत बसली. उशी मागे सारू लागली, तर जाईना. जागाच नव्हती. पाठ सीटला टेकली होती. पाय क्लचवर पोचला होता, पार शेवटपर्यंत. हात स्टिअरिंगवर जिथे पडायला हवे तिथेच पडले. पट्टा ओढला, तर तोही न वाढवता न घटवता खटकन बसला.

रत्नाने स्टिअरिंगवरून एकदा तळहात फिरवला. मग तिने उशी खिडकीतून नवऱ्याच्या हातात दिली.

‘‘उशी लागंना मला, अवो.’’

हनुमंत गुपचूप डावीकडे जाऊन बसला, उशी मांडीवर घेऊन.

गाडी गल्लीतून बाहेर पडली. पावसाने उघडीप दिली होती, दोन्ही बाजूंना भात गुडघ्याएवढं झालं होतं. गावाला तो आवाज ठाऊक होता. पारावरच्या आनंदरावांनी सवयीने हात वर केला आणि आत कोण आहे ते दिसल्यावर तो तसाच राहिला. महाडच्या रस्त्याला लागल्यावर रत्नाने पाय दाबला. गाडीने अशी उसळी घेतली की हनुमंताचं डोकं मागे आपटलं. त्याचा कान इंजिनाकडेच होता. कुठे खडखड नाही, कुठे अडखळणं नाही.

‘‘असं पळतं व्हय हे!’’ रत्ना म्हणाली. ‘‘मला एकदाबी बसवलं न्हाई तिनं.’’

‘‘लई येळा बोलावलं तिनं. तूच न्हाई आलीस.’’

बोलून गेल्यावर त्याला जीभ चावावीशी वाटली. पण रत्ना चिडली नाही. मान हलवली, रडत रडतच तिसरा गियर टाकला.

‘‘इंजिन गरम हाय म्हनली तवा ती हसली आसंल,’’ ती रस्त्याकडे बघत म्हणाली. ‘‘मलाबी तशीच फसवायची ती. पोटात दुखलं तरी हसायची. मीबी फसले आसते.’’

वर्षभर हनुमंत ज्या वाक्यासाठी तरसला होता, ते हेच. ते मिळालं आणि त्याला बरं वाटलं नाही. त्याने उशीत तोंड खुपसलं आणि तो हुंदके देऊन रडला. गाडी उत्तम चालली होती, आणि जिला ते सांगायचं ती नव्हती.

परत शेडमध्ये येऊन रत्नाने इंजिन बंद केलं. हनुमंत उतरला, वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि पट्टा सोडवायला वाकला. तिने त्याचा हात धरला.

‘‘थांबा वाईच. मी उतरले की ही परत रिकामी व्हनार.’’

चुलीवर ठेवलेली भाकरी एव्हाना जळून कोळसा झाली असेल. मागे म्हशी धारेसाठी हंबरत होत्या. हनुमंत पुन्हा वळसा घालून डावीकडे गेला, आपल्या जागी बसला आणि त्याने दार ओढून घेतलं.