‘सोड’ म्हणजे काय सोड?

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, आज मी गोडीगुलाबीने बोलणार नाही. माझ्या तोंडून एका दहा वर्षांच्या मुलीचा पाणउतारा झाला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भोंग्याला तळपाय नसतात हे मला ठाऊक आहे. तरीही गेली.

माझा जन्म कारखान्यातला. पुढे रुंद तोंड, मागे मूठ, मुठीला बटण आणि पोटात सहा सेल. मुलींच्या फुटबॉल संघाला शिकवणाऱ्या ताईंनी मला विकत आणले आणि आठ वर्षे हातात बाळगले. ताई मोजकेच बोलत. चेंडू पायाशी असताना पोरीच्या कानात एकच शब्द मावतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी शब्द ठरवून दिले होते. ‘मान’ ऐकले की मान वळवून मागे कोण आहे ते बघायचे. ‘दे’ ऐकले की मैत्रिणीला पास द्यायचा. ‘सोड’ ऐकले की चेंडूला पायच लावायचा नाही, मागची गोलरक्षक तो घेते. प्रत्येक शब्द आधी चालत, मग धावत, शंभरदा घोटून घेतला जाई. लोक माझ्या खणखणीत आवाजाची तारीफ करत आणि मी फुशारून जाई. खरे कौतुक त्या शब्दांचे होते, हे मला फार उशिरा कळले.

मग ताईंची बदली झाली आणि नवे सर आले. “बाळा, जरा उजवीकडे बघ, तिथे तुझी मैत्रीण मोकळी उभी आहे, तिला आता...” एवढे होईपर्यंत चेंडू मैदानाबाहेर गेलेला असे. वरातीमागून घोडे! माझे सेल आठवड्यात संपू लागले आणि संघ हरू लागला. थोडक्यात बोला, असे कोणीतरी सुचवले. सरांनी ते ऐकले. पण मुलींना कोणते शब्द येतात, हे मुलींनाच विचारण्यात त्यांना कमीपणा वाटला. त्यांनी आपल्या मनाने शब्द घेतले.

हंगामातल्या शेवटच्या सामन्यात बचावाला मुंगी होती. एवढीशी चण आणि सतत कामात, म्हणून सगळ्या तिला मुंगी म्हणत. शेवटचे मिनिट होते, बरोबरी होती. गोलरक्षक आधीचा फटका अडवताना बाजूला पडली होती आणि मुंगीची पाठ तिकडे होती. चेंडू गडगडत मुंगीकडे आला. चेंडू मैत्रिणीकडे सोड, म्हणजे पास दे, असे सरांना म्हणायचे होते. ते माझ्यातून ओरडले, “सोड!”

मुंगीने शिकवल्याप्रमाणे पाय उचलला. चेंडू तिच्या पायाखालून रिकाम्या गोलात गेला.

सर धावत आले. हातभर अंतरावरून त्यांनी मला तिच्यावर रोखले. “डोकं घरी ठेवून आलीस का? उद्यापासून येऊ नकोस!” चोराच्या उलट्या बोंबा, आणि बोंब मारायला मी!

“सर, तुम्हीच सोड म्हणालात ना?” एवढेच ती म्हणाली. सामना बघायला आलेल्या तिच्या मावशीने येऊन तिचा हात धरला आणि दोघी फाटकाबाहेर पडल्या.

मग गोलरक्षक सरांसमोर उभी राहिली. “आमच्यात सोड म्हणजे सोडून द्यायचा. पास हवा होता तर ‘दे’ म्हणायचं!”

सर शेजारच्या पंचांना हळूच म्हणाले, “अरेच्चा, म्हणजे चूक माझीच की!” त्यांचा अंगठा अजून बटणावर होता. सारे मैदान खदखदून हसले. जिने ते ऐकायला हवे होते, तीच तिथे नव्हती.

याला तीन आठवडे झाले. मुंगी सरावाला येत नाही. सर रोज तिच्या जागी दुसरीला उभे करतात, फाटकाकडे बघतात आणि मला खोलीतल्या खिळ्याला अडकवून घरी जातात. मुंगीचे घर दोन गल्ल्या पलीकडे आहे.

मित्रांनो, माझे सेल बदलले नाहीत तरी चालेल, मला धूळ बसली तरी चालेल. पण लहानांना शब्द द्याल तो नीट ठरवून द्या, आणि तुमच्या शब्दाने चूक घडली तर तिचे खापर त्यांच्या डोक्यावर फोडू नका. सरांना छोटा शब्दच हवा आहे ना? ‘चुकलो.’ तिच्या दारात जाऊन म्हणायचा. त्याला भोंगा लागत नाही.