सोडू का पाणी?

आमच्या गल्लीत मला सगळे डिकी म्हणतात. चांगलं नाव आहे मला, पण ते शाळेत गेलं आणि शाळेबरोबर संपलं. बाबांचं गॅरेज टपाच्या गाड्यांचं, म्हणजे ज्यांचं कापडी छत मागे दुमडतं अशा गाड्यांचं. या गाड्यांचं जन्माचं रडगाणं एकच: डिकीत पाणी येतं. कुठून येतं ते बाहेर उभं राहून कळत नाही. कोणीतरी डिकीत जाऊन पडायचं, झाकण लावून घ्यायचं, टॉर्च पेटवायची आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं. आता बाबा म्हणजे पिंप आणि मी आईच्या चणीची. त्यामुळे आत कोण जाणार हा प्रश्न आमच्याकडे कधी कोणी विचारलाच नाही. लहानपणी मला त्यात गंमत वाटायची. आता एकोणतिसाव्या वर्षी गुडघे हनुवटीला लावून जादा चाकाच्या खड्ड्यात पडून राहण्यात काय गंमत असते, ते मला कोणीतरी समजावून सांगावं.

बाबांना ऐकू कमी येतं. त्यांच्या मते ऐकू नीट येतं, लोकच हल्ली पुटपुटतात. म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या आहेत. मी आतून "सोडा!" म्हणून ओरडले की त्यांनी पाणी सोडायचं. पत्र्यावर एक थाप म्हणजे बंद करा, दोन थापा म्हणजे उघडा. बाकी आतून मी काहीही बोलले तरी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. एवढ्या वर्षांत पत्र्यातून त्यांच्या कानात शिरलेला शब्द एकच, सोडा. समोरचा न्हावी रोज न चुकता ओरडतो, "डिकी, मलापण एक, थंडगार!" आणि रोज स्वतःच हसतो.

त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांची निळी गाडी आली होती. तिसऱ्यांदा. डॉक्टरांनी हात टेकले होते. "यावेळी नाही जमलं तर सांगा, मी डिकीत मासे पाळतो," असं म्हणून ते चावी ठेवून गेले. संध्याकाळी गाडी न्यायला येणार होते.

माझं लक्ष गाडीत नव्हतं. दुसऱ्या शहरात टप शिवायचा एक मोठा कारखाना आहे. तिथल्या शिवणाच्या मुख्य बाईंनी मी शिवलेला टप कुठल्याशा गाडीवर पाहिला आणि शिवण कोणाची म्हणून चौकशी करत करत मला गाठलं. काम, राहायला खोली, सोमवारपासून हजर. "दुपारी फोन करते," त्या म्हणाल्या होत्या, "तेव्हा हो की नाही ते सांग. दुसरी मुलगी थांबली आहे." बाबांना मी ताकास तूर लागू दिली नव्हती. आज फोन यायच्या आत सांगायचंच, असं ठरवून उठले होते. सकाळपासून मी तोंड उघडत होते आणि मिटत होते. एकदा हिंमत करून म्हणाले, "बाबा, मला जरा बोलायचंय." त्यावर बाबा म्हणाले, "बघू." बाबांचं 'बघू' म्हणजे विषय संपला.

पाण्यात भिजायला नको म्हणून फोन टेबलावर ठेवला आणि डिकीत शिरले. बाबांनी झाकण आपटलं.

आत काय असतं ते सांगते. ओल्या कार्पेटचा कुबट वास, डोक्यापासून चार बोटांवर पत्रा, पाठीखाली बॅटरीचा कोपरा. पुढे सरकायला जागा नाही, कारण टपाच्या गाडीत मागच्या सीटच्या पाठीमागे एक आडवा पत्रा ठोकलेला असतो. मी सगळ्या सांध्यांवर पावडर भुरभुरली होती. पाणी आलं की पावडरीत ओघळ उमटतो आणि आपण त्याचा माग काढत वर जायचं. "सोडा!" पाणी मागच्या दिव्यांवर पडलं. कोरडं. झाकणाच्या रबरावर पडलं. तेही कोरडं. मग बाबा टपाच्या मागच्या काचेशी गेले आणि डाव्या बाजूला, अगदी वरून, पावडरीत एक ओघळ सुरू झाला. टपाखाली एक पन्हळ असते. तिच्यात जमलेलं पाणी एका नळीतून चाकामागे खाली उतरायला हवं. ते उतरत नव्हतं, पन्हळ भरून आत सांडत होती. सापडलं! मी एक थाप मारली. पाणी थांबलं.

आणि माझा फोन वाजला.

बाबा फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरजच नसते. "हॅलो! कोण? शिवणाच्या बाई? कुठून?" मी जिथे होते तिथेच गोठले. "कोण, आमची मुलगी? नोकरी? छे हो! ती कुठे जाणार! ... नाही नाही, तीच म्हणते नको. तुम्ही दुसरी बघा. हो, तिनेच सांगितलंय. बरं, ठेवतो!"

तिनेच सांगितलंय. ती इकडे चाकाच्या खड्ड्यात मुटकुळं करून पडली होती, आणि तिनेच सांगितलंय! माझ्या डोक्याची शीर तडकली. मी पत्र्यावर पालथे हात बडवत ओरडले, "बाबा! काय केलंत हे! सोडा मला! बाहेर सोडा!"

त्यातला त्यांना कळायचा तो एकच शब्द कळला. पाइप सुरू झाला. आधी त्यांनी माझ्या नोकरीवर पाणी सोडलं आणि पाठोपाठ माझ्यावर. पन्हळ तुडुंब होतीच, ती सरळ माझ्या मानेवर आणि तिथून झाकणाच्या कुलपावर रिकामी झाली. मी दोन थापा मारल्या. पाणी थांबलं. मग कुलपात बारीकसं टक् झालं, आणि पुढे काही नाही. पुन्हा टक्. मग तेही नाही.

"बटण दाबतोय!" बाहेरून बाबा. "उघडत नाहीये!"

कुलूप विजेवर चालणारं, आणि ते भिजलं होतं. अशा वेळेसाठी झाकणाच्या बाहेर चावीचं भोक असतं. ते मागच्या वर्षी बाबांनी सिलिकॉनने बुजवलं होतं, इथूनच कुठेतरी पाणी मुरत असणार म्हणून. बाबांचा औषधोपचार एकच, दिसेल ते भोक बुजवायचं. बाहेरून झाकण नखाने खरवडल्याचा आवाज आला. बाबांना ते आठवलं असावं.

मग मला भीती वाटली. डिकीत मी शेकडो वेळा पडले असेन, पण दोन थापांवर झाकण उघडायचंच. आज ते उघडत नव्हतं म्हटल्यावर पत्रा खाली आल्यासारखा वाटायला लागला. श्वास मोठ्याने ऐकू येत होता, स्वतःचाच. टॉर्च पिवळी पडली होती. थेंब मानेवर पडतच होते आणि मान फिरवायला जागा नव्हती. डोळ्यांसमोर सोमवार आला, गेला, दुसरी मुलगी माझ्या खोलीत राहायला आली आणि मी इथेच आहे, दर आठवड्याला कोणाची तरी डिकी, बाहेर बाबा, बाबा म्हणतायत बघू. मी रडले. रागाने, पण रडलेच.

तेवढ्यात आडव्या पत्र्यापलीकडे धडपड ऐकू आली. बाबा मागची सीट उपटत होते. माझ्या नाकासमोरचं एक रबरी बूच हललं आणि निघालं. तिथून वायरी जातात. मुठीएवढ्या भोकातून उजेड आला, मग बाबांचा डोळा.

"पोरी, बरी आहेस ना?"

"बरी? या आत, तुम्हीच बघा!"

"काय?" डोळा गेला आणि तिथे कान आला. पांढरे केस आलेला, तेलाचा डाग पडलेला कान. इतक्या जवळून मी तो कधी पाहिला नव्हता.

"पक्कड देतो," कानाच्या बाजूने बाबा म्हणाले. "कुलपाच्या मागची पट्टी ओढ, उघडेल." पक्कड भोकातून आत आली. मी तिचं टोक धरलं, पण ओढून घेतलं नाही. पक्कड मिळाली की मी बाहेर येणार, आणि मी बाहेर आले की कान गेला.

"फोन कोणाचा होता?"

"डॉक्टरांचा."

"बाबा! तुमचा फोन समोर न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसानेसुद्धा ऐकलाय."

कान हलला नाही. "तू मला सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"सांगायला लागले की बघू म्हणता. मग बघत तर काहीच नाही. आणि माझ्या नावावर नाही सांगून मोकळे? मला विचारलंत?"

"मग डिकीत कोण जाणार?"

खरंच, असं म्हणाले. मी ओली, कोंडलेली, थेंब मानेवर, आणि हा माणूस विचारतोय डिकीत कोण जाणार. "एवढंच?" मी म्हणाले. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी नाही." हे ते हळू बोलले. बाबांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "लोकांचं बोलणं मला कळत नाही आता. फोनवरचं तर निम्मं अंदाजाने. तुझं तेवढं कळतं. पत्र्यातूनसुद्धा कळतं. तू गेल्यावर दिवसभर काय, मी आणि गाड्या."

बाबांनी स्वतःच्या तोंडाने बहिरेपणा कबूल केलेला पहिल्यांदाच ऐकला. माझा राग गेला नाही, पण त्यात काहीतरी मिसळलं. मी तोंड भोकाशी नेलं. ओठ जवळजवळ कानाला लागले.

"मला जायचंय, बाबा. रागावून नाही. आत्ता रागावलेय, ते वेगळं. पण मला जायचंच आहे."

कान तिथेच होता. मग पक्कड पलीकडून सुटली.

पट्टी ओढल्यावर झाकण उघडलं. बाबांनी हात दिला, मी घेतला नाही, स्वतःच उतरले आणि सरळ डाव्या बाजूचं अस्तर उचकटून त्यांना पन्हळीचं टोक दाखवलं. नळीच्या तोंडात राखाडी सिलिकॉनचा गोळा होता. त्यावर अंगठ्याचा ठसासुद्धा होता.

"मीच बुजवलं," बाबा म्हणाले. "तिथून पाणी येत होतं ना."

"तिथून येत नव्हतं. तिथून जात होतं."

त्यांनी त्या ठशावर आपला अंगठा ठेवून बघितला. मग स्वतःच तारेने तो गोळा कोरून काढला. नळीने एक गुळणी केली आणि चाकामागून पाणी भळाभळा खाली सांडलं. बाबांनी हात पुसले, टेबलावरचा फोन उचलला आणि शेवटचा नंबर लावला.

"हॅलो! मघाचाच मी! मुलीचा बाप! मी मघाशी खोटं बोललो!" न्हाव्याची कात्री थांबली. "ती येणार आहे! तिला कोणी विचारलंच नव्हतं! दुसरी मुलगी ठरली का?" मग फोन कानाला दाबून धरला, भुवया आवळल्या आणि फोन माझ्यापुढे धरला. "काय म्हणतायत, तू ऐक."

"तुझे वडील नेहमी एवढ्या मोठ्याने बोलतात का?" बाई म्हणाल्या. "सोमवारी सकाळी ये. कात्री स्वतःची आण."

बाबांना सांगावं लागलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पाइप उचलला. दुरुस्ती झाली की पाण्याची परीक्षा घ्यायचीच असते. मी सवयीने चपला काढल्या आणि एक पाय डिकीत टाकला.

"नको," बाबा म्हणाले. "तू उतर." पाइप माझ्या हातात दिला, टॉर्च माझ्या खिशातून काढून घेतली आणि ते डिकीत चढायला लागले. आधी एक पाय, मग पोट, मग बराच वेळ काहीच नाही. समोर न्हावी दारात येऊन उभा राहिला होता, पण त्याला काही विनोद सुचला नाही. बाबा कुशीवर पडले, गुडघे जमतील तेवढे वर घेतले. झाकण पोटावर टेकत होतं, पुरतं लागत नव्हतं. मी ते दोरीने बांधलं. उघडता येईल अशी गाठ मारली.

पाइप हातात घेऊन मी टपाच्या काचेशी उभी राहिले. ही जागा माझी नव्हती. इथून डिकी बंद दिसते आणि आतल्या माणसाचं काय चाललंय ते काहीही कळत नाही. बाबा रोज इथे उभे राहायचे.

"सोडू का?" मी विचारलं. त्यांना ऐकू जाणार नाही हे माहीत होतं. माझा हात नळाकडे जाईना.

आतून काहीतरी आपटलं, कोपर असावं. मग पत्र्यातून बाबांचा आवाज आला.

"सोड!"

मी तशीच उभी.

"अगं, सोड की! इथलं मी बघतो!"

मी पाणी सोडलं.