सरपंचांच्या बंगल्याची घरपट्टी

घरपट्टी थकली म्हणून झोपडीत राहणाऱ्या लिलाबाईचा नळ तोडला, त्याला आठ दिवस झाले होते. हायवेलगतच्या गोदामांची पट्टी सहा वर्षं थकलेली, पण तिथली टाकी मात्र भरून वाहत होती! असं आपल्यापैकी कोणाच्या गावात होत नाही?

प्रशील बिऱ्हाडे धुळ्याला बँकेत मॅनेजर होते. निवृत्तीनंतर सोनगीरजवळच्या आपल्या गावी आले. पैशाअडक्याचं कळणारा माणूस म्हणून लोकांनी त्यांना सरपंच केलं. ज्याचं बांधकाम मोठं त्याची पट्टी मोठी, असा फेरआकारणीचा ठराव त्यांनी चारदा मांडला. चारही वेळा सदस्यांनी तो हाणून पाडला. गोदामवाले कुंदनशेठ हसून म्हणाले, "साहेब, ही तुमची बँक नाही."

प्रशीलराव पार थकले. आता राजीनामा द्यावा, असं त्यांच्या मनाने घेतलं.

त्या सोमवारी लिलाबाईसोबत वस्तीतल्या बायांनी रिकामे हंडे आणून पंचायतीला कुलूप ठोकलं. सरपंच आतच अडकले.

"अक्का, मी तुमच्याच बाजूचा आहे," ते खिडकीतून म्हणाले. "सदस्य ऐकत नाहीत, मी काय करू?"

लिलाबाई गजांशी आली. "भाऊ, मन्ही झोपडीनी पट्टी मांगतस. तुमना बंगलानी कितली शे, ते सांगा ना!"

प्रशीलरावांनी रजिस्टर उघडलं. त्यांच्या घरापुढे वडिलांच्या काळातली नोंद होती: मातीचं घर, पत्र्याचं छप्पर. दुमजली बंगला बांधून नऊ वर्षं झाली होती! नोंद बदलायची राहिली होती, की त्यांनीच राहू दिली होती?

"काय निंघनं, भाऊ?"

"माझीच चोरी निघाली, अक्का."

"मंग दुसरासले कोणत्या तोंडे सांगशात?"

बायांनी कुलूप काढताच प्रशीलरावांनी ग्रामसेवकाला बोलावून आधी स्वतःचा बंगला मोजायला लावला आणि नऊ वर्षांचा फरक भरला. ग्रामसभेत त्यांनी ती नोंद मोठ्याने वाचली. मग गॅरेजवाला गनी उठला. "माझं वरचं बांधकामही लिहा, साहेब."

त्यापाठोपाठ अकरा जण उठले. सगळ्या गावापुढे सदस्यांनाही नाही म्हणता येईना; पाचव्यांदा मांडलेला ठराव मंजूर झाला, झोपडीची पट्टी उतरली आणि लिलाबाईचा नळ जोडला गेला. कुंदनशेठ मात्र कोर्टात गेले. तो खटला अजून सुरू आहे आणि प्रशीलराव दमलेल्या पायांनी दर तारखेला धुळ्याला जातात. राजीनाम्याचं आता बोलत नाहीत.

वाचकहो, दुसऱ्याकडे न्याय्य कर मागायचा असेल, तर मोजणीची फीत आधी आपल्याच उंबऱ्याला लावा!