फडक्याखालचा घास

कालोजेरोकाका टोपलीवरचं फडकं कुणासाठीही काढत नाहीत. गिऱ्हाइकाकडे बघत हात आत घालायचा, बोटांनी चाचपून तुकडे निवडायचे, कागदावर ठेवायचे, वर लिंबू आणि मिरी. बल्लारोच्या बाजारात फ्रित्तोला अशीच मिळते. वासराच्या हाडांना चिकटलेलं उरलंसुरलं मांस उकडून चरबीत परतलेलं, एवढंच मी पाहुण्यांना सांगते. त्याहून जास्त मलाही माहीत नाही.

पाहुण्यांना बाजारातलं खाणं खिलवत फिरवायचं, हे एका पर्यटन कंपनीतलं माझं नवं काम. पक्कं अजून झालेलं नव्हतं. तीन फेऱ्या चाचणीच्या, आणि ही तिसरी. त्यात सकाळी सासूबाईंची कंबर धरली, म्हणून अडीच वर्षांची माझी लेक निन्फा कडेवर. सहा डच पाहुण्यांनी हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या आनंदानं संपवल्या होत्या. टोपलीपाशी मात्र मारिटबाई अडल्या. आयुष्यभर परिचारिका होत्या त्या.

"फडकं काढून दाखवायला सांग," त्या मला इंग्रजीत म्हणाल्या.

मी सांगितलं. काका भडकले. "तिला विचार, लग्नाआधी नवऱ्याला असंच उघडून बघितलं होतं का?"

"काय म्हणाले?"

"म्हणतात, वाफ निघून जाते."

मारिटबाईंनी काकांचा चेहरा बघितला. एवढा राग वाफेसाठी नसतो, हे त्यांना कळलंच असणार. मग त्यांनी निन्फाकडे बोट केलं. "हिला देतेस तू हे?"

सहाही जण माझ्याकडे बघायला लागले. हो म्हटलं असतं तर सगळ्यांनी खाल्लं असतं. पण माझ्या पिशवीत निन्फासाठी उकडलेल्या नासपतीचा डबा होता, आणि दिवस गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, मी स्वतः फ्रित्तोला तोंडात घातली नव्हती. बाजाराला आले की काकांनी दिलेला कागद गुपचूप पिशवीत टाकायचा आणि घरी नवऱ्याला द्यायचा, हा माझा शिरस्ता. आणि नाही म्हणावं, तर पाहुणे पुढे निघून जाणार, काका मला परत टोपलीपाशी उभं करणार नाहीत, काम गेलं.

परिचारिकेशी आपल्या पोरीबद्दल खोटं बोलायला जीभ वळेना.

"नाही देत," मी म्हणाले. "मीही खात नाही. भीती वाटते." आणि मग, पाठीमागे बोलल्यासारखं नको म्हणून, तेच काकांना आमच्या भाषेत सांगितलं.

शेजारचा मासळीवाला ओरडायचा थांबला.

"मला काय आज कळलं?" काका म्हणाले. "तुझ्या पिशवीला माझ्या मिरीचा वास येतो, पोरी. कशाची भीती वाटते?"

"दिसत नाही त्याची."

"मग हात घाल."

"मी?"

"नाहीतर काय महापौर? घाल!"

मासळीवाल्यानं शिट्टी मारली. "काका, माझ्या बायकोला सोळा वर्षांत टोपलीला हात लावू दिला नाहीत!"

"तुझी बायको चार तुकडे जास्त उचलेल!"

मी ओल्या रुमालानं हात पुसले, दोनदा. काका बघत राहिले. "पूस बाई, पूस. ऑपरेशनच करायचंय."

आत चांगलंच गरम होतं. बोटांना काही मऊ लागलं, काही कुरकुरीत, काही कूर्चेसारखं. कूर्चा सोडून मी मऊ तुकडा काढला, डोळे मिटले आणि खाल्ला. तमालपत्र, मिरी, चरबी, आणि मग मांसाची अशी गोडी की मी नवऱ्याला तीन वर्षं काय काय देऊन टाकलं ते एकदम लक्षात आलं.

"मला!" निन्फानं आ केला.

मी एक तुकडा दाताखाली चाचपला, हाडाची कपची नाही ना बघितलं, नखाएवढा तोडून तिला दिला. ती चावत राहिली. मी तिचा गळा बघत राहिले. मारिटबाईही बघत होत्या, अगदी माझ्यासारख्याच पुढे वाकून. निन्फानं गिळलं.

"अजून!"

मारिटबाई हसल्या आणि टोपलीकडे हात नेला. काकांनी तो हलकेच बाजूला सारला. "ही घरची आहे. तुम्ही रांगेत या." मी ते जसंच्या तसं सांगितलं. त्या खरंच रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे बाकीचे पाच, आणि लिंबू कमी पडलं.

निघताना काकांनी मागून हाक मारली. "उद्या किती माणसं आणतेस?"

काम पक्कं झालं की नाही, हे सांगणारा कंपनीचा फोन अजून यायचा होता. "आठ!" मी ओरडून सांगितलं.