सदतीस खुर्च्या

घुम्याने दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबले आणि मगच तो उभा राहिला. तीनदा साबण लावूनही नखांतलं ग्रीस निघालं नव्हतं.

परक्या शहरातल्या त्या इस्पितळात कॉलेजच्या बारा मुलांनी सुट्टीचे दोन महिने सेवेत काढले होते. आज निरोपाचा दिवस. सर आणि मेट्रनबाईंसमोर एकेकजण अनुभव सांगत होता. कुणाला माणुसकी कळली होती, कुणाला आयुष्याचा अर्थ. एकीने तर स्वतःची कविताच म्हटली.

"तू काय केलंस रे?" सरांनी विचारलं.

"खुर्च्या दुरुस्त केल्या," म्हणत घुम्या खाली बसायला लागला.

"बसतोस काय लगेच?" मेट्रनबाई कडाडल्या. "नीट सांग की!"

मग त्याने अडखळत सांगितलं. पहिल्या आठवड्यात त्याला दारात उभं केलं होतं, पेशंटना वाट दाखवायला. वाट दाखवणाराच दिवसातून दोनदा चुकायचा. तिथे त्याने एक बाई पाहिली. आपल्या म्हाताऱ्या वडिलांना पाठुंगळी घेऊन ती लांबलचक व्हरांडा चालत होती. चाकाची खुर्ची नाही का, असं त्याने शिपायाला विचारलं.

"आहेत की. चाळीस. तळघरात, मोडक्या."

कुणाचं चाक जाम, कुणाचा ब्रेक तुटलेला. घुम्याने वायरमनकडून पाना मागून आणला. तीन खुर्च्या अगदीच कामातून गेल्या होत्या. त्यांचे भाग काढून त्याने बाकीच्या सदतीस चालत्या केल्या. पुढच्या खेपेला त्या म्हाताऱ्याने स्वतः चाकं फिरवत अख्खा व्हरांडा पार केला आणि धापा टाकत मागे वळून लेकीला म्हणाला, "मागे पडलीस बघ!"

सभागृहात हशा पिकला.

"पण हे शिकलास कुठे?" कवितावालीने विचारलं.

वडिलांचा 'व्यवसाय' आहे, एवढंच घुम्या दोन वर्षं सगळ्यांना सांगत आला होता. त्याने खिशातून हात बाहेर काढले.

"माझे बाबा सायकली दुरुस्त करतात. दुकान असं नाही. झाडाखाली पेटी मांडून बसतात. लहानपणापासून त्यांच्या हाताखाली आहे मी."

कुणी हसलं नाही. सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तू गेलास की या खुर्च्या पुन्हा तळघरात," मेट्रनबाई म्हणाल्या. "आमच्या माणसांना शिकवून तरी जा."

"मी अर्धाच शिकलोय, बाई. पुरा शिकलेला माणूस घरी आहे." घुम्याची मान ताठ झाली. "बोलावू?"

"बोलाव," सर म्हणाले. "मीही बसेन शिकायला."

व्हरांड्यात येऊन त्याने फोन लावला.

"बाबा, दोन दिवस इकडे यायला जमेल?"

"का रे? काही मोडून ठेवलंस की काय?"

"नाही. शिकवायला यायचंय. इस्पितळातल्या लोकांना. आमचे सरसुद्धा बसणार आहेत."

पलीकडे हवेच्या पंपाचा आवाज चालला होता, तो थांबला.

"कॉलेजचे सर?"

"हो."

मग बाबांनी घसा खाकरला.

"त्यांना म्हणावं, जुने कपडे घालून या."