डोंगराची नाडी आणि झिजलेले टायर

उल्वनेसच्या सभागृहात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर पाऊस, डोक्यावर डोंगर, आणि आत वॅफलवर जाम फासत अख्खं गाव इंगवाल्डच्या तळहातांकडे टक लावून बसलेलं. इंगवाल्डचे हात 'उबदार' आहेत असा बोलबाला होता. हात ठेवला की दुखणं पळतं म्हणे. इतके दिवस गुडघे आणि गायींची पोटं चाचपणारा हा माणूस आता एकदम भूगर्भात शिरला होता!

पालिकेने फेसबुकवर स्वच्छ लिहिलं होतं: कडा सरकतोय, यंत्रांनी मोजलंय, पायथ्याची घरं आज संध्याकाळच्या आत रिकामी करा. त्याखाली इंगवाल्डने आपलं ठोकून दिलं, "डोंगर झोपलाय. मी त्याची नाडी पाहिली." झालं! पालिकेच्या सूचनेपेक्षा या नाडीलाच जास्त लाइक मिळाले.

शाळेत शिकवणाऱ्या बोर्गहिल्डच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची आई योरुन अगदी कड्याखाली राहायची आणि घर सोडायचं नावच घेत नव्हती.

"रस्त्यावरची दरड त्याने आधीच सांगितली होती," आई म्हणाली. "गावच्या ग्रुपवर तारखेसकट आहे."

होती खरी. दरड गुरुवारी कोसळली आणि भविष्यवाणीवर तारीख आदल्या रविवारची. तिथेच शहाणेसुरते गार पडले होते.

बोर्गहिल्डने फोन पडद्याला जोडला आणि ग्रुपवरची स्वतःची गेल्या वर्षीची पोस्ट उघडली. 'इंगवाल्ड निळा स्वेटर घालून सभागृहात वॅफल हाणेल.' तारीख गेल्या वर्षीची. इंगवाल्डने आपल्या निळ्या स्वेटरकडे पाहिलं. हिचेही हात उबदार दिसतात, अशी मागे कुजबुज झाली.

"माझे हात गारठलेत," ती म्हणाली. "हे मी आत्ता कॉफीच्या रांगेत लिहिलं. जुनी पोस्ट उघडायची आणि मजकूर बदलायचा. तारीख जुनीच राहते."

मग तिने त्या पोस्टमधल्या बदलांचा इतिहास उघडला. मूळ मजकूर निघाला: मांजर हरवलं आहे. इंगवाल्डच्या भविष्यवाणीचाही इतिहास तिने उघडला. ती दरड पडल्यावर, शुक्रवारी बदललेली होती. त्याआधी तिथे होतं: 'हिवाळी टायर विकणे आहेत. थोडे झिजलेले.'

सभागृह खो खो हसलं. पायथ्याच्या आपल्या भाड्याच्या खोल्या पाहुण्यांनी भरल्यात, गाव रिकामं झालं तर धंदा बसेल, असं काहीतरी इंगवाल्ड पुटपुटला. म्हणजे त्या पाहुण्यांनाही हा बेशरम कड्याखालीच झोपवणार होता. बोर्गहिल्डने सगळ्यांना एवढंच सांगितलं, की सूचना कुणाचीही असो, कुणी मोजलं, कशाने मोजलं आणि कधी लिहिलं, हे आधी बघा.

योरुन हसली नाही. "मी टायरच्या जाहिरातीवर जीव टांगून बसले होते," ती म्हणाली, आणि औषधं, स्वेटर, बॅटरीचा रेडिओ पिशवीत भरायला घरी निघाली. संध्याकाळच्या आत पायथ्याला चिटपाखरू उरलं नाही.

डोंगर पडला नाही. पाऊस ओसरला, यंत्रं शांत झाली, पालिकेने परत जायला सांगितलं. योरुनला दारात शेजारी भेटला, म्हणाला की शेवटी इंगवाल्डच बरोबर निघाला.

योरुनने पिशवी खाली ठेवली. "पालिका चुकली, म्हणून मी घरी परत आले," ती म्हणाली. "त्याचं ऐकलं असतं आणि तो चुकला असता, तर तू कुणाशी बोलला असतास?"