माझ्या पोटात गोठलेली काच

मित्रांनो, मी एक जुनी काचभट्टी आहे, विजेवर चालणारी. जुनी म्हणजे वयाने नव्हे. शेजारची कोळशाची भट्टी माझ्या आजीच्या वयाची, ती अजून धडधडते आहे. मी मात्र गार पडले आहे.

मला इथे आणले ते धुराच्या परवान्यांमुळे. नियमच तसा झाला होता. कारखान्याने जेवढा धूर सोडायचा, तेवढे परवाने जवळ हवेत. कमी सोडला, तर उरलेले परवाने दुसऱ्या कारखान्याला विकता येत. परवाना तेव्हा भलताच महाग होता आणि मी तर धूर सोडतच नव्हते. मालक पाहुण्यांना कौतुकाने सांगत, “ही भट्टी नाही, लेक आहे माझी!”

मला चालवणारी ताई गालात हसायची. तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा, तशा मायेने ती झरोक्यातून माझ्या पोटातली लालभडक काच बघायची. कोळशाच्या भट्टीपुढे राबून तिच्या वडिलांची छाती कामातून गेली होती. त्यांचे घर भिंतीपलीकडेच. मी आल्यापासून कोळशाची भट्टी बंद होती, म्हणून ते अंगणात बसू लागले होते.

मग सरकारने गरजेपेक्षा जास्त परवाने वाटले आणि भाव धाडकन कोसळला. विजेचे बिल भरण्यापेक्षा धूर सोडून परवाने विकत घेणे स्वस्त पडू लागले.

मालक आले. “बंद कर हिला. कोळशाचीच पुन्हा पेटवू.”

“साहेब, आधी आतली काच काढू द्या. वितळलेल्या काचेतूनच हिची वीज खेळते. काच गोठली, तर ही पुन्हा पेटायची नाही.”

“तेवढ्यासाठी आणखी वीज जाळू? काही होत नाही गं. भाव चढला की करू सुरू.”

ताईने कळ दाबली, पण माझ्याकडे पाहिले नाही. पोटातली काच दगड झाली. माझ्या विटा एकेक करून तडकल्या. त्या आवाजाला कुणीही आले नाही.

पुढे भाव चढला. मालक धावतच आले. “ताई, चालू कर बघू पटकन!”

ताईने माझ्या थंड अंगावर हात ठेवला. भिंतीपलीकडे तिचे वडील खोकत होते.

“लेक ना तुमची? मग तुम्हीच उठवा.”

मित्रांनो, भाव चढेल, उतरेल. छातीत गेलेला धूर मात्र भाव बघून बाहेर येत नाही. कुणाला लेक म्हणालात, तर भाव उतरलेल्या दिवशीही म्हणा. एवढेच माझे मागणे.